चौदाव्या चौकटीतली सही

क्लासमध्ये एकोणीस वर्षं त्याला सगळे चौदा म्हणत. विद्यार्थी तोंडावर 'चौदासर' म्हणत आणि जिन्यात पोचले की नुसतं 'चौदा'. शिपाई तर थेट ओरडायचा, "चौदाचा खडू संपलाय!" आणि यात कुणाला काही वावगं वाटत नसे, कारण शेजारच्या खोलीत तेरा होत्या, पलीकडे पंधरा होता. सगळ्यांचीच बारशी संचालकांनी आकड्यांनी उरकली होती.

चष्म्याच्या दुकानावरचे दोन मजले घेऊन तो क्लास चाले. तीस दिवसांत इंग्रजी. तीस धडे, तीस शिक्षक आणि प्लायवूडच्या भिंती घालून पाडलेल्या तीस खोल्या. एका खोलीत दहा खुर्च्या आणि एक फळा मावे. शिक्षक जाडा असला तर नऊ खुर्च्या. विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी पहिल्या खोलीत बसायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. प्रत्येकाच्या हातात एक पिवळं कार्ड, कार्डावर तीस चौकटी. तासाच्या शेवटी एकेकाने उभं राहून त्या दिवशीच्या धड्यावर पाच वाक्यं बोलायची. शिक्षकाला पटलं तर चौकटीत सही, नाही पटलं तर उद्या पुन्हा तीच खोली. लेखी परीक्षा नाही, गुण नाहीत, वर दाद मागायची सोय नाही. तीस सह्या झाल्या की प्रमाणपत्र.

ही युक्ती संचालकांची. पूर्वी त्यांच्याकडे एकच मास्तर सगळं शिकवायचा. त्याने एक दिवस समोरच्या इमारतीत स्वतःचा क्लास काढला आणि निम्मे विद्यार्थी रस्ता ओलांडून तिकडे गेले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. संचालक तर पाणीही फुंकू लागले. एका शिक्षकाला एकच धडा. सकाळी त्या धड्याची पानं हातात मिळायची, संध्याकाळी मोजून परत घेतली जायची. दुसऱ्याच्या खोलीत कुणी डोकावायचं नाही. कुणालाच सगळं येत नाही म्हटल्यावर पळून जाऊन करणार काय?

चौदाव्या धड्यात काय होतं? दोन कामं एकाच वेळी चालली असतील तर ती इंग्रजीत जोडायची कशी, एवढंच. शाळेत आपल्याकडून उभयान्वयी अव्यय म्हणून जे घोकून घेतात, ते व्हाइल, व्हेन, अ‍ॅज घ्यायचं आणि त्याच्यापुढे अपूर्ण वर्तमानकाळ ठेवायचा. ती पोळ्या लाटते आहे, तेव्हा तो पेपर वाचतो आहे. तुम्ही रस्ता ओलांडत असता, तेव्हा फोनवर बोलू नका. झालं. हे त्याने दिवसाला तीन वेळा, वर्षाचे तीनशे दिवस, एकोणीस वर्षं सांगितलं. हिशोब करायची हौस असेल त्याने करावा. आला तेव्हा तो पदवीधर होता, बरं इंग्रजी बोलायचा, दोन वर्षांत कुठल्यातरी कॉलेजात लागू म्हणून तात्पुरता चिकटला होता. आता चौदाव्या धड्याबाहेरचं इंग्रजी बोलायला गेला की जीभ अडखळायची. बँकेत एकदा साहेबाशी बोलायची वेळ आली, तर हा तीनदा 'व्हाइल' म्हणाला आणि पुढे काही सुचेना म्हणून फॉर्म न भरताच घरी आला.

घर म्हणजे थोरल्या भावाचं. बाहेरच्या खोलीत त्याची खाट, खाटेखाली त्याची पेटी. लग्न व्हायचं राहून गेलं, आणि राहून गेलेल्या गोष्टींची चर्चा जशी जेवताना होते तशी त्याच्याही लग्नाची व्हायची. वहिनीची जीभ म्हणजे विळी. कांदा असो की दीर, ती सारखीच चालायची.

"भाऊजी," ती वाढता वाढता म्हणायची, "जगाला दोन दोन कामं एका वेळी करायला शिकवता, आणि तुमच्याकडून एक दिवा बंद करायचं होत नाही."

भाऊ हसायचा. पुतणी हसायची. तोही हसायचा, कारण न हसलं तर वहिनी दुसरा विनोद करायची आणि तो लग्नावर असायचा.

आता त्याचं खरं दुखणं सांगते. धडा एक, खोली एक, आणि माणूस प्रत्येक वेळी नवा. पहिल्या खोलीतल्या बाईंकडे निदान नवखे लोक घाबरत, हसत यायचे. तिसाव्या खोलीतल्या सरांना शेवटच्या दिवशी पेढे मिळायचे, फोटो निघायचे. चौदावा दिवस कुणाच्या लक्षात राहतो? लोक यायचे, बसायचे, सही घ्यायचे, जायचे. बाजारात एकदा एका मुलीने त्याला ओळखल्यासारखं केलं, तर ती म्हणाली, "तुम्ही अकरा ना?"

मग कधीतरी, सहासात वर्षांपूर्वी, एका वायरमनची वाक्यं खरंच चुकली. एरवी सगळ्यांना डोळे मिटून सही देणाऱ्या याने त्या दिवशी दिली नाही. दुसऱ्या दिवशी वायरमन दारात उभा, आणि म्हणाला, "नमस्कार सर, आलो बघा परत तुमच्याकडे." परत! तुमच्याकडे! बारा वर्षांत त्या खोलीत दुसऱ्यांदा आलेला तो पहिला माणूस. तिसऱ्या दिवशी वायरमनने त्याला स्वतःच्या मेव्हण्याची भानगड सांगितली, आणि जाताना हात मिळवला.

तिथून हे सुरू झालं. आवडत्या माणसाला सही द्यायची नाही. कंटाळवाण्यांना तो पहिल्या दिवशीच पिटाळायचा, ठोंब्यांनासुद्धा. पण कुणी गोड बोललं, कुणी हसून बघितलं, की "उद्या या". एक दिवस, दोन दिवस, फार तर तीन. याला तो स्वतःशी 'पाया पक्का करणं' म्हणायचा. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला शब्दांची कमी पडत नाही. संचालकांच्याही कानावर गेलं आणि ते खूष झाले. "चौदाकडे सही सहज मिळत नाही," ते नव्या लोकांना अभिमानाने सांगत.

अशात सिस्टर आल्या. मोठ्या हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात नर्स होत्या, वय पस्तिशीचं, नवरा वारलेला, घरी सासू आणि शाळेतली मुलगी. रात्रपाळी करून, तोंडावर पाणी मारून थेट क्लासला यायच्या. केसांना औषधाचा वास. पहिल्याच दिवशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "व्हाइल आय अ‍ॅम चेंजिंग द बँडेज, द पेशंट इज सिंगिंग."

"सिंगिंग?" त्याने विचारलं.

"हो ना सर. सात नंबरचे आजोबा. दुखलं की ओरडायचं नाही, गायचं, असं त्यांनी ठरवलंय. सगळा वॉर्ड सुरात कण्हतो."

सगळी खोली हसली. इतकी वर्षं पोळ्या आणि पेपर ऐकून त्याचे कान किटले होते, आणि ही बाई पाचही वाक्यं वॉर्डातून उचलून आणत होती. एकाही वाक्यात चूक नव्हती. त्याने कार्ड हातात घेतलं, पेनाचं टोपण काढलं, परत लावलं आणि म्हणाला, "उद्या या."

"काय चुकलं सर?" त्यांनी विचारलं. भांडायला नाही, शिकायला.

चूक असती तर सांगता आली असती. तो म्हणाला, "वाक्य बरोबर आलं हो. पण आधी मनात आपल्या भाषेत आलं आणि मग तुम्ही ते उलटवलंत. तुमच्या चेहऱ्यावर दिसतं ते."

काय बोललात चौदासर! मनातली चूक. ती दाखवताही येत नाही आणि खोडताही येत नाही. सिस्टरांनी मान हलवली. "खरंय," त्या म्हणाल्या, "आधी मनात येतंच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली निकड सांगितली. परदेशातल्या एका हॉस्पिटलात जागा होत्या. एजन्सीला या क्लासचं प्रमाणपत्र तीस तारखेपर्यंत हवं होतं, त्याशिवाय मुलाखतीला बसवणार नव्हते. "माझ्याकडे कालचा धरून चार दिवस जादा आहेत सर, मी मुद्दाम ठेवलेत, कधी पाळी बदलली तर असू देत म्हणून. तिकडे गेले की दोन वर्षांत मुलीला बोलावून घेता येतं. तिला डॉक्टर व्हायचंय, इथे माझ्याच्याने व्हायचं नाही ते."

चार दिवस जादा. एवढंच त्याने ऐकलं. म्हणजे चार दिवस आपण ठेवून घेतलं तर कुणाचंच काही बिघडत नाही, असा त्याने सरळ हिशोब केला. दुसऱ्या दिवशी उद्या या, तिसऱ्या दिवशी उद्या या. सिस्टर तास सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं येऊन बसू लागल्या. सात नंबरच्या आजोबांची खबर तो रोज विचारायचा. चौथ्या दिवशी त्यांनी डब्यातली अर्धी भाजीपोळी त्याला दिली, कारण तो म्हणाला होता की वहिनीने डबा दिला नाही. डबा त्याच्या पिशवीतच होता.

त्या चार दिवसांत त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. वहिनीच्या नजरेतून ते सुटलं नाही. "भाऊजी, कुणाचं तेरावं-चौदावं आहे का?" ती म्हणाली. तो त्या दिवशी मनापासून हसला.

सिस्टरांचं मात्र उलटंच होत चाललं होतं. मनात आधी आपल्या भाषेत येऊ द्यायचं नाही म्हणून त्या वॉर्डात इंजेक्शन भरतानाही मनाशी झगडायच्या. वाक्य ओठावर आलं की थांबायच्या, हे आधी आत आलं का, असं तपासायच्या, आणि तेवढ्यात वाक्य पसार व्हायचं. पहिल्या दिवशी खळखळून बोलणारी बाई चौथ्या दिवशी पाच वाक्यांना दहा मिनिटं घेऊ लागली. हे त्याला दिसत होतं. दिसत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

पाचवा दिवस शेवटचा होता. आज सही झाली तर रोज एक धडा धरून तीस तारीख गाठता येत होती, नाहीतर नाही. त्याने सकाळी घरून निघतानाच ठरवलं होतं की आज सही द्यायची. शपथेवर सांगते, ठरवलं होतं. सिस्टर उभ्या राहिल्या. अडखळत, पण पाचही वाक्यं बरोबर बोलल्या. त्याने कार्ड पुढे ओढलं. पेन चौकटीवर टेकलं. आणि सिस्टर हुश्श करून म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं! आता सर, मी काही परत तुम्हाला त्रास द्यायला यायची नाही."

परत यायची नाही. पेन तिथेच थांबलं. तेरांच्या खोलीतून कुणीतरी मोठ्याने 'कॅन' आणि 'मे' घोकत होतं. त्याने कार्ड त्यांच्याकडे सरकवलं आणि खाली बघत म्हणाला, "अजून थोडं हवं. उद्या या."

त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. कार्ड उचललं आणि तडक संचालकांच्या केबिनमध्ये गेल्या. दहा मिनिटांनी शिपाई आला. "चौदा, साहेबांनी बोलावलंय."

केबिनमध्ये सिस्टर खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या, उठायच्या तयारीत असल्यासारख्या. संचालक टाचणीने कान कोरत होते.

"चौदा," ते म्हणाले, "या बाई म्हणतात, त्यांना एक दिवस दोन धडे द्या. आपला नियम तुम्हाला माहीत आहे. शिक्षकाने सांगितलं की विद्यार्थी हुशार आहे, तर आपण देतो. तर सांगा. आहेत का हुशार?"

सिस्टर त्याच्याकडे वळून बघत होत्या. बाईच्या नजरेत केवढा विश्वास होता! ज्या माणसाला आपण अर्धी पोळी दिली, तो आपल्याबद्दल वाईट बोलणार नाही, असं गरीब माणसांना वाटतं.

एक शब्द पुरला असता. 'हो.' पण हो म्हटलं की संचालक पुढचा प्रश्न विचारणार होते: हुशार आहेत, तर पाच दिवस का अडवलंत? आणि त्याचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं; म्हणजे होतं, पण ते बाईंसमोर उच्चारण्यासारखं नव्हतं. नोकरी गेली असती. नोकरी गेली म्हणजे वहिनीच्या समोर दिवसभर ताट पुढे करून बसायचं. या सगळ्याला एक क्षण लागला असेल.

"नाही साहेब," तो म्हणाला. "मेहनती आहेत, पण डोक्यात जात नाही. पालथ्या घड्यावर पाणी."

शेवटचे तीन शब्द कुणी मागितले नव्हते. ते त्याने पदरचे घातले, साहेबांना खात्री पटावी म्हणून. संचालक खो खो हसले. "ऐकलंत बाई? आमचे चौदा उगाच कुणाला नापास करत नाहीत."

सिस्टरांनी त्याच्याकडे बघितलं नाही. कार्डाची घडी केली, पर्समध्ये ठेवली, "बरोबर आहे सरांचं," असं हळू म्हणाल्या आणि जिना उतरल्या. तो खोलीत परत आला. पुढची बॅच बसलीच होती. ती पोळ्या लाटते आहे, तेव्हा तो पेपर वाचतो आहे.

आठवडाभर त्याने खोलीचं दार उघडं ठेवलं. मग शिपायाने वारा येतो म्हणून ते लावून टाकलं. त्यानंतर त्याने दोन महिने सगळ्यांना पहिल्या दिवशी सही दिली, ठोंब्याला आणि हुशाराला सारखीच. संचालकांनी बोलावून झापलं, "चौदा, काय धर्मशाळा उघडलीत?" मग तेही बंद झालं. पश्चात्तापालाही वरून परवानगी लागते, अशी ती नोकरी.

दीड वर्ष गेलं. एका बुधवारी सकाळची बॅच आत येत होती आणि दारातून आवाज आला, "सर, ओळखलंत का?"

सिस्टरच. केस कानांपाशी पांढरे झाले होते. सोबत सोळासतरा वर्षांची उंच मुलगी, हातात पिवळं कार्ड.

"ही माझी लेक," त्या म्हणाल्या. "दहावीच्या सुट्टीत घातलीय इथे. आज चौदावा दिवस म्हणून मुद्दाम रजा घेऊन आले. म्हटलं, सरांना स्वतः भेटावं." मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "हेच ते सर गं. पाच दिवस माझ्यामागे राबले. माझंच डोकं नाही चाललं, त्यांचा काही दोष नाही."

तो काहीतरी म्हणाला. 'असं काही नाही' असं म्हणाला असेल. असं काय नाही, ते त्याने सांगितलं नाही.

"तिकडचं राहिलंच मग," सिस्टर अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, कुणाचा पत्ता सांगावा तशा. "हॉस्पिटलात पण आता इंग्रजी पेशंट आला की मी दुसरीला पुढे करते. तोंड उघडलं की आपलं चुकतंय असंच वाटतं. पण सर, तुम्ही साहेबांना खरं सांगितलंत ते बरं केलंत. नाहीतर मी तिकडे जाऊन फजिती करून घेतली असती. कुणी तोंडावर खरं सांगत नाही हो हल्ली."

मुलगी खुर्चीत बसली. सिस्टर दाराबाहेर स्टुलावर बसल्या, दार उघडं ठेवून. पूर्ण तास त्या त्याच्याकडे बघत होत्या, आणि त्याला ते जाणवत होतं. तास संपला. मुलगी उभी राहिली आणि पाच वाक्यं म्हणाली. आईसारखीच, थेट जिथे राहते तिथली: आजी औषध थुंकत असते, तेव्हा मी दुसरीकडे बघत असते, आई झोपेत बोलत असते, तेव्हा मी तिचं बोलणं लिहून घेत असते. एकही चूक नव्हती. खोलीतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

त्याने कार्ड घेतलं. टोपण काढलं. आता तरी, असं कुणालाही वाटेल. एक सही, आणि सहीबरोबर दाराकडे बघून एक वाक्य: सिस्टर, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. एवढं बोलायला कुठलीही परकी भाषा लागत नव्हती.

सिस्टर स्टुलावरून उठून उंबऱ्यात आल्या. "सर, भीडभाड ठेवू नका," त्या हात जोडून म्हणाल्या. "माझी मुलगी म्हणून सोडू नका. कितीही दिवस लागू देत, मी रोज घेऊन येईन. पण माझ्यासारखी कच्ची राहायला नको."

रोज घेऊन येईन. त्याने ते ऐकलं.

"उद्या या," तो म्हणाला.

मुलीने कार्डाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "सर, माझं काय चुकलं?"

त्याने तोंड उघडायच्या आतच सिस्टरांनी तिचा दंड धरला. "सरांना उलट विचारायचं नाही! चुकल्याशिवाय ते अडवत नाहीत." आणि त्याला म्हणाल्या, "लहान आहे सर, मनावर घेऊ नका. उद्या किती वाजता आणू?"

मुलगी अजून त्याच्याकडेच बघत होती. आईचं उत्तर तिला पटलेलं नव्हतं, आणि तिला ते पटलेलं नाही हे त्याला स्पष्ट दिसलं. त्याने फळ्याकडे तोंड केलं आणि डस्टर उचललं.

"साडेदहाला या," तो म्हणाला. आणि सांगायला लाज वाटते, पण त्याला बरं वाटलं.